मोठ्या आवाजाचा जनरेटर

दुकानदाराने बटण दाबलं, दोन पावलं मागे सरकला आणि हाताची घडी घालून नानांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. नाना जनरेटरकडे बघत उभे राहिले. एका हाताने उचलता येईल एवढा तो लाल डबा होता आणि तो चालू झालाय की नाही, हे नानांना काही केल्या कळेना.

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीचे ओठ हलले. दुकानदार हसला. मग नानाही हसले. लोक हसले की आपणही हसून घ्यायचं, हा नियम ते गेली चार-पाच वर्षं इमानेइतबारे पाळत होते आणि आजवर त्याने दगा दिला नव्हता. हसून झाल्यावर ते जाणकाराच्या थाटात पुढे झाले, कमरेत वाकले आणि डब्याच्या पाठीवर तळहात टेकवला. तळव्याला बारीकशी थरथर लागली. म्हणजे चालू होता तर.

"काय नाना? एक नंबर आहे की नाही?" दुकानदार समोर येऊन म्हणाला. तो सगळ्याच मालाला एक नंबर म्हणायचा, त्यामुळे त्याचं बोलणं ओठांवरून ओळखायला सोपं जायचं. "शेजारी बसून गप्पा मारा. चालू आहे हे कळणारसुद्धा नाही!"

"तेच तर," नाना म्हणाले.

बाबांना पसंत पडला असं समजून लेकीने फोनवरच्या तक्त्यात आवाजाच्या रकान्यात बरोबरची खूण केली.

नानांचं घर टेकडीवर होतं, विजेच्या शेवटच्या खांबापासून तासभर चालायच्या अंतरावर. नोकरी संपल्यावर त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, माईने, ते हौसेने बांधून घेतलं होतं. जाड लाकडी खांबांवर उचललेलं घर, लाकडी फळ्यांची जमीन, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे पडवी. छपरावर सौर पॅनल, मागच्या खोपटात बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. दिवे, रेडिओ, लहानसा फ्रीज आणि पाण्याचा पंप, एवढ्याला सात वर्षं ऊन पुरून उरलं. तीन-चार दिवस ढग राहिले तर फ्रीज बंद करायचा आणि लवकर झोपायचं, इतकाच काय तो जाच.

मग माईच्या फुफ्फुसांनी दगा दिला. तीन आठवडे ती हॉस्पिटलात होती आणि परत आली ती मशीन घेऊन. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं ते मशीन दिवसाचे सोळा तास लागायचं, आणि ढग आले म्हणून ते काही फ्रीजसारखं बंद ठेवता येत नव्हतं. "तुमच्याकडे वीज जात तर नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं होतं. "आमच्याकडे ती येतच नाही, मग जाईल कुठून?" असं नाना म्हणाले होते. डॉक्टर हसले नाहीत. लेक तर मुळीच हसली नाही.

लेक बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं बनवायची. गाडी उशिरा आलेली तिला एकवेळ चालायची, पण येईल की नाही हे माहीत नसणं तिला खपायचं नाही. तिने एक अट घातली आणि ती तीनदा बोलून दाखवली. "ऊन नसेल त्या दिवसांसाठी जनरेटर घ्या. तो आणि आईचं मशीन तुम्हाला एकट्याला सांभाळता येतंय, हे मला डोळ्यांनी दिसू द्या. नाहीतर दोघांनी सामान बांधून माझ्याकडे यायचं."

तिच्याकडे म्हणजे चौथ्या मजल्यावर. तिथली खिडकी समोरच्या भिंतीवर उघडायची.

"चौथ्या मजल्यावर मरायला माझी ना नाही," माई म्हणाली होती, "राहायला आहे."

अट काही जाचक नव्हती. नानांनी अडतीस वर्षं पंपघरात काढली होती. पाच डिझेल इंजिनं त्यांच्या ताब्यात असायची आणि त्यांतलं एखादं जरी ठेका चुकलं तरी ते बाकावरच्या झोपेतून उठून बसायचे. जनरेटर सांभाळणं त्यांच्या डाव्या हातचा मळ होता. गोची वेगळीच होती. त्या पाच इंजिनांनी नानांना पगार मिळवून दिला आणि त्याबदल्यात त्यांचे कान घेतले. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटी गेली, मग एकेक करून सगळे बारीक आवाज गेले. जाड आवाज तेवढे शिल्लक होते, ट्रकचा, दार आपटल्याचा. समोर उभं राहून कुणी खणखणीत बोललं तर ओठ बघून बहुतेक कळायचं.

आणि वीज गेली की माईचं मशीन जी शिट्टी मारायचं, ती नेमकी बारीक होती. हॉस्पिटलात नर्सने ती वाजवून दाखवली तेव्हा खोलीतले सगळे दचकले. नानांना फक्त लाल दिवा उघडमीट करताना दिसला. "कळलं ना बाबा?" लेकीने विचारलं. "कळलं," नाना म्हणाले. त्या दिवसापासून त्यांना धड झोप नव्हती. तासातासाला उठून ते दिवा हिरवा आहे ना, हे बघून यायचे. खरं सांगावं तर चौथा मजला आणि न सांगावं तर हा असा घोर, अशा कात्रीत म्हातारा सापडला होता.

माईलाही त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. त्यात माईची एक सवय त्यांच्या पथ्यावर पडली होती. चार वर्षांपूर्वी गुडघा दुखतो म्हणून तिने काठी घेतली, आणि तेव्हापासून बोलायच्या आधी ती फळीवर ठोकायची तिला खोड लागली. ठक-ठक झालं की ते नानांच्या तळपायाला कळायचं, ते मान वर करायचे, आणि माई त्यांच्याकडे तोंड करून बोलायला लागलेली असायची. म्हातारपणी माणसाला कसल्या कसल्या खोडी जडतात, असं म्हणून नानांनी तो विषय सोडून दिला होता.

दुकानात लेक आणि दुकानदार तक्त्यावर डोकं घालून बसले. मशीनला किती वीज, पंप सुरू होताना किती झटका, बॅटऱ्या भरायला किती तास. नाना हळूच मागच्या बाजूला गेले. तिथे गोणपाटाखाली एक जुना डिझेल जनरेटर उभा होता. एकच सिलिंडर, जाडजूड चाक, सावकाश फिरणारं इंजिन. बर्फाच्या कारखान्यातून आला होता.

"हा चालवा," नाना म्हणाले.

"तो कशाला नाना? म्हणजे माल एक नंबर आहे, पण त्याचा आवाज..."

"चालवा तर खरं."

दुकानदाराने हँडल मारलं आणि दुकान हललं. फळीवरचे स्क्रूचे डबे खुळखुळू लागले. धड, धड, धड, धड. जमिनीतून ते नानांच्या पोटऱ्यांत चढलं, गुडघ्यांतून वर आलं आणि छातीत जाऊन बसलं. किती तरी दिवसांनी कुणीतरी आपल्याशी तोंडातल्या तोंडात न बोलता नीट बोलतंय, असं त्यांना वाटलं.

"हाच घ्यायचा," ते म्हणाले.

लेक कानांवर हात दाबून धावत आली आणि मग जुंपली. नाना म्हणाले, पेट्रोल साठवून खराब होतं, डिझेल टिकतं. लेक म्हणाली, एका डब्यापुरतं पेट्रोल कोण साठवतंय? नाना म्हणाले, सावकाश चालणारं इंजिन वीस वर्षं मरत नाही. लेक म्हणाली, त्याला उचलायला चार माणसं लागतील. नाना म्हणाले, हे यंत्र मला कळतं. लेक म्हणाली, लाल डब्यात कळण्यासारखं काही नाहीच, एक बटण आहे. शेवटी ती म्हणाली, "आणि आईला झोप कशी लागणार ह्या धडधडाटात? तिचा तरी विचार करा की!"

खरं कारण सोडून बाकीची सगळी कारणं नानांनी देऊन पाहिली आणि लेकीने ती एकेक करून खोडून काढली. आणि माईचा विचार करा म्हणे! गेले दोन महिने ते दुसरा कसलाही विचार करत नव्हते. दुकानदाराने दोन्ही गिऱ्हाइकं हातची जाऊ नयेत म्हणून मध्यस्थी केली. "लाल डबा आठ दिवस घरी न्या, वापरून बघा. नाही आवडला तर परत आणा."

लेकीने रजा टाकली आणि डबा घेऊन ती टेकडीवर राहायला आली.

पहिले दोन दिवस कडकडीत ऊन पडलं. मग ढग जे उतरले ते टेकडीवर बैठक मारूनच बसले. तिसऱ्या ढगाळ सकाळी इन्व्हर्टरवरचा आकडा पार तळाला गेला. लेकीने घराच्या मागे, दहा पावलांवरच्या छपराखाली जाऊन बटण दाबलं आणि बॅटऱ्या भरायला लागल्या. लेक खूश. नानांच्या मात्र फेऱ्या सुरू झाल्या. दर पाच मिनिटांनी मागे जायचं, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा डब्यावर हात ठेवायचा, थरथर लागली की परत यायचं.

"बाबा, तुमचा त्याच्यावर विश्वासच नाही," लेक म्हणाली.

"नवीन आहे अजून," नाना म्हणाले.

अशाच एका फेरीत त्यांचं लक्ष टाकीच्या झाकणाकडे गेलं. झाकणावर एक छोटी कळ होती आणि ती उघडी होती. हवा तर अशी ओली, की वाळत टाकलेल्या टॉवेलातून पाणी गळत होतं. पंपघरात ओल्या दिवसांत इंधनाचं एकही झाकण सैल ठेवायचं नाही, हा नानांचा अडतीस वर्षांचा शिरस्ता. इंधनात पाणी गेलं की इंजिन गेलं. आजकालच्या पोरांना एवढीही काळजी नाही, असं पुटपुटत त्यांनी कळ फिरवून घट्ट बंद केली आणि हात पुसले.

अकराच्या सुमाराला लेक खाली रस्त्यावरच्या दुकानांतून पेट्रोल आणि माईची औषधं आणायला निघाली. जाऊन यायला दोन तास. "लक्ष ठेवा," ती समोर येऊन म्हणाली. "डोळ्यांत तेल घालून ठेवतो," नाना म्हणाले, आणि ते खरंच होतं, कारण त्यांच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं.

ते पडवीत स्टुलावर बसले आणि खिडकीच्या झडपेची सैल झालेली बिजागरी बसवायला लागले. स्क्रू गंजलेला होता. तो हट्टाला पेटला, मग नानाही पेटले. एरवी पाच मिनिटांनी होणारी फेरी लांबत गेली. त्यांच्या पाठीमागे दोन खोल्या पलीकडे काय चाललं होतं, ते असं. ती कळ म्हणजे टाकीची श्वास घ्यायची जागा होती. ती बंद झाल्यावर पेट्रोल खाली उतरेना, आणि लाल डबा जसा गुपचूप चालत होता तसाच गुपचूप बंद पडला. तळाला गेलेल्या बॅटऱ्यांनी आणखी थोडा वेळ धीर धरला. मग इन्व्हर्टरने हात टेकले. माईचं मशीन थांबलं आणि शिट्टी मारायला लागलं.

ठक-ठक.

नानांच्या तळपायाला ते कळलं. मागोमाग तिसरा ठोका आला, चौथा आला, त्यांना काही ठेका नव्हता. माई अशी कधी ठोकत नसे. नाना उठले, स्टूल पडलं, बिजागरी कुठे गेली ते त्यांनी पाहिलं नाही.

माई खाटेच्या कडेला बसली होती. एका हातात काठी, दुसरा हात छातीवर, ओठांचा रंग बघवत नव्हता. मशीनवर लाल दिवा उघडमीट करत होता. नानांच्या तोंडचं पाणी पळालं, पण हातांना अशा वेळेची सवय होती. कोपऱ्यातला ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर, चावी, अर्धा फेरा, नळी मशीनवरून काढून सिलिंडरला. नळीच्या टोकाशी बोट धरून त्यांनी हवा येते ना ते पाहिलं आणि नळी माईच्या नाकाशी लावली. माईने डोळे मिटले. एक श्वास, दुसरा श्वास, मग लांब असा तिसरा. ओठांवर हळूहळू रंग परत आला. तेव्हा कुठे नाना फळीवर फतकल मारून बसले.

नंतर ते मागे गेले. झाकणावरची कळ बघितल्याबरोबर त्यांना सगळं कळलं. त्यांनी कळ उघडली, बटण दाबलं, पाठीवर हात ठेवला. थरथर लागली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्यांना वाटलं.

लेक परत आली, सिलिंडरचा काटा खाली आलेला तिने पाहिला आणि हातातली पिशवी तशीच धरून ती दारात थबकली. "काय झालं?"

"हा तुझा मुका डबा बंद पडला," नाना म्हणाले. "चालता चालता."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. आणखी असं की लेकीचा चेहरा उतरला, आपण हट्टाने निवडलेल्या यंत्रामुळे आईवर हे आलं, हे तिच्या डोळ्यांत नानांना स्वच्छ दिसलं. आता फक्त गप्प बसायचं होतं. लाल डबा उद्या दुकानात आणि डिझेल परवा टेकडीवर. म्हाताऱ्याला मोह झाला नाही असं नाही.

"पण मशीन वाजलं असेल ना?" लेकीने विचारलं. "तुम्ही तर इथेच होतात."

नानांनी तोंड उघडायच्या आत माई बोलली. "वाजलंच नाही गं. बिघडलंय वाटतं ते."

नाना माईच्या ओठांकडे बघत राहिले. लाल दिवा त्यांनी स्वतः पाहिला होता. दिवा लागला की शिट्टी वाजणार, दोन्ही एकाच तारेवर, हे नर्सने त्यांना दाखवलं होतं. म्हणजे शिट्टी वाजली होती, माईने ती ऐकली होती, आणि सख्ख्या लेकीला ती तोंडावर सांगत होती की वाजली नाही. कुणासाठी? मग त्यांची नजर काठीकडे गेली. काठी टेकायला असते. माई ती टेकायच्या आधी ठोकायची. चार वर्षं, रोज, प्रत्येक वाक्याच्या आधी.

"बिघडलं असेल तर आजच्या आज बदलून आणते," लेक म्हणाली आणि मशीनची पिशवी शोधायला लागली.

"मशीन चांगलं आहे," नाना म्हणाले. "वाजलं होतं ते. मला ऐकू आलं नाही. बारीक आवाज मला काहीच ऐकू येत नाहीत, कधीपासूनच. आणि डब्याचं झाकणही मीच बंद केलं. त्याचा दोष नाही, तुझाही नाही."

एवढं बोलून त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्यावर चिडली होती. एवढं चांगलं रचलेलं खोटं वाया घालवल्याबद्दल चिडली होती.

लेक खाटेवर बसली. "तुला माहीत होतं?" तिने आईला विचारलं.

"बेचाळीस वर्षं एका घरात काढली. एवढंही कळू नये?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"ते मला सांगत नव्हते, मी तुला कशी सांगू?"

लेक संतापली. ती इतकी घाबरली होती, की तिला संतापण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "आज काही झालं असतं म्हणजे? ते काही नाही. उद्या सामान बांधा. दोघांनी चलायचं."

माईने काठी फळीवर ठोकली. नानांनी मान वर केली, आणि या वेळी त्यांना त्याची लाजही वाटली आणि आणखीही काहीतरी वाटलं, ज्याने डोळे भरून आले.

"ऐक," माई लेकीला म्हणाली. तिला दम लागत होता, म्हणून ती थांबत थांबत बोलली. "हॉस्पिटलात मला एक सवय लागली. बेल दाबली की मोजायचं. तिथे कुणी यायला मी तीनशेपर्यंत मोजायचे. एकदा चारशे झाले, मग मी नाद सोडला. सगळ्यांचे कान चांगले ठणठणीत होते. आज शिट्टी वाजल्यावर मी काठी ठोकली आणि मोजायला लागले. पस्तीस झाले तेव्हा यांचा हात चावीवर होता. आता सांग, माझी सोय कुठे आहे?"

लेकीला हसू आलं आणि रडूही आलं. तिने दोन्ही आवरलं. "पण तू जागी होतीस म्हणून, आई. झोपेत असतीस तर?"

याचं उत्तर नानांकडे होतं, आणि इतके दिवस आत अडकलेलं ते बाहेर पडलं. "म्हणून तर तो डिझेल मागत होतो. लाल डबा चालू आहे की बंद, मला दोन्ही सारखंच. तो दुसरा चालू असेल तर ह्या फळ्यांतून मला कळेल. आणि चालता चालता थांबला, तर झोपेतसुद्धा कळेल. पंपघरात कळायचंच की. आवाज सुरू झाला म्हणून मी कधी उठलो नाही. थांबला म्हणून उठायचो."

लेकीने फोन काढला आणि तक्त्यातल्या आवाजाच्या रकान्यातली खूण पुसली.

तिने नव्या अटी घातल्या. कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन यायचं आणि ते देतील ते यंत्र कुरकुर न करता लावायचं. माईच्या मशीनच्या शिट्टीला जोडून, स्वतःच्या वेगळ्या बॅटरीवर चालणारा ट्रकचा भोंगा बसवायचा, म्हणजे उन्हाच्या दिवसांतही काही झालं तर अख्खी टेकडी जागी होईल. आणि डिझेल आल्यावर परीक्षा.

भोंगा बसला, कानांच्या डॉक्टरांची वेळ ठरली, आणि डिझेल आला तो चार माणसांच्या खांद्यांवरून. दुकानदाराने त्याला बटणाने सुरू होण्याची सोय करून दिली होती आणि थरथर घरापर्यंत पोचू नये म्हणून खाली घालायला रबरी गट्टू आणले होते. एक नंबर गट्टू होते. नानांनी ते परत त्याच्या हातात ठेवले. घराचे खांब ज्या खडकावर उभे होते, त्याच खडकावर त्यांनी इंजिन बोल्टांनी घट्ट आवळलं आणि धुराचा पाइप घराकडे पाठ करून वळवला.

परीक्षा दुपारी झाली. नाना दाराजवळच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले. मागे इंजिन धडधडत होतं, कपाटातल्या कपबशा किणकिणत होत्या आणि माई म्हणत होती की मला मुळीच त्रास होत नाही, पाळण्यात असल्यासारखं वाटतं. लेक काहीतरी आणायला म्हणून मागे गेली आणि तिने इंजिन बंद केलं. चाक पुरतं थांबायच्या आत नाना मागच्या दारात उभे होते.

"का बंद केलंस?"

"पास," लेक म्हणाली. तिने इंजिन पुन्हा सुरू केलं, आत आली आणि नाना पेपरात डोकं घालून बसल्यावर आईला खुणावलं. "आता काठी ठोक."

माईने ठोकली. ठक-ठक. नानांनी पान उलटलं. माईने पुन्हा ठोकली, जरा जोरात. नाना वाचत राहिले. अख्खी जमीन धडधडत होती, त्यात काठीचे दोन ठोके कुठल्या कुठे विरून गेले. इंजिन चालू आहे हे कळावं म्हणून आणलेल्या आवाजाने माईचाच आवाज खाऊन टाकला होता, आणि हे इंजिन आणताना तिघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. चहासाठी थांबलेला दुकानदार कपात बघायला लागला. चौथा मजला सगळ्यांना दिसत होता.

पुढचं पान उलटताना नानांनी मान वर केली. दोघी त्यांच्याकडे बघत होत्या. माईची काठी हवेत होती. काय झालं ते त्यांना कळलं. या वेळी ते हसले नाहीत. ते उठले, खुर्ची उचलली आणि माईच्या खाटेपासून चार हातांवर ठेवून तिच्यात बसले. माईने बसल्या जागेवरून काठी पुढे केली. ती पोचली नाही. नानांनी खुर्ची आणखी ओढली. मग काठीचं टोक त्यांच्या नडगीवर आलं, जरा जास्तच जोरात.

"अगं, हळू!"

"कळलं का?"

"कळलं."

"किती झाले?" लेकीने आईला विचारलं.

"एक पण नाही," माई म्हणाली.

"जनरेटर चालू असेपर्यंत ही खुर्ची इथून हलता कामा नये," लेक समोर येऊन, एकेक शब्द सुटा करत नानांना म्हणाली. नानांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीने कामावर गेली. एकटीच गेली.

पुढच्या ढगांची फार वाट बघावी लागली नाही. नानांनी इंजिन सुरू केलं, पाइप बघितला, झाकणाला हात लावला नाही, आणि आत येऊन खुर्चीत बसले. तीन तास घर धडधडलं. बॅटऱ्या भरल्यावर त्यांनी मागे जाऊन इंजिन बंद केलं आणि परत येऊन तिथेच बसले. आता फळ्या शांत होत्या, दाराजवळ बसूनही काठीचा ठोका पायाला कळला असता, खुर्ची जागेवर न्यायला हरकत नव्हती. त्यांनी ती नेली नाही. माईने काठी भिंतीला लावून ठेवली होती. इतक्या जवळून तिचा हात पोचत होता.